पट्टीवरचं कणीस

माझी पर्स मालकांनी काउंटरवर उपडी केली. डबा पडला. कंगवा, मोबाईलचा चार्जर, रुमाल. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं पॅड पडलं, त्याचा कागद सुटला आणि ते बियाण्याच्या पिशव्यांवर जाऊन पडलं. बाजाराचा दिवस होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गडीमाणसं. एकानं मान फिरवली. बाकीचे बघत राहिले.

"पेनड्राईव्ह हाय का बघ त्याच्यात," मालक पोराला म्हणाले.

पेनड्राईव्ह होता. मालकांच्या पोरानं, भैय्यानं, तो दोन बोटांत धरून वर उचलला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसा. "बघा. म्हणलं होतं का न्हाई?"

चोरी कशाची, ते सांगते. ऐकून हसू येईल. मलाही आलं असतं, पर्स दुसऱ्या कुणाची असती तर.

ताडकळसला ते कृषी सेवा केंद्र होतं. खत, बियाणं, फवारणीची औषधं. बी.कॉम. झाल्यावर मी तिथं लागले. लॅपटॉपवर बिलं काढायची, आलेला माल चढवायचा, गेलेला उतरवायचा. मालकांचं घर गावातलं मोठं बागायतदार घर. दुकान पुढं, घर मागं, आणि दोन्हीच्या मध्ये एक निळं दार. त्या दाराच्या आत मी कधी गेले नव्हते. कुणी जाऊ नको असं म्हणालं नव्हतं. ये असंही म्हणालं नव्हतं. चहा आतून यायचा. सगळ्यांना कपबशी, मला कागदी कप. "एकदा वापरला की फेकून द्यायचा, लय स्वच्छ," असं मालकीणबाई म्हणायच्या. मी मातंग वस्तीतली. तोंडावर जात काढायची कुणाला गरजच पडत नव्हती, कागदी कप होता ना.

बिलाच्या प्रोग्रॅमचं चित्र म्हणजे एक पिवळं कणीस. लॅपटॉपच्या पडद्यावर खाली जी पट्टी असते, तिच्यावर ते असायचं. प्रोग्रॅमचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. सगळे कणीसच म्हणायचे. "कणीस लाव." "कणीस बंद कर." "आज कणीस लय हळू चालायलंय." मालकांना वाटायचं, सगळा धंदा त्या कणसातच भरलाय. गोदामातला माल, जुनी बिलं, गिऱ्हाइकांची नावं, सगळं त्या नखाएवढ्या चित्राच्या पोटात. म्हणून त्या सकाळी भैय्यानं लॅपटॉप उघडला आणि पट्टीवर कणीस दिसलं नाही, तेव्हा मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कणीस कुठाय?"

मी म्हणाले, "बघू द्या. चित्र गेलं असंल पट्टीवरून. प्रोग्रॅम आत असंल."

"हात लावू नको. काल शेवटी तूच बसली व्हतीस ह्याच्यावर."

बसले होते. बिलं माझ्याशिवाय काढायचं कोण? पण भर दुकानात कुणी असं म्हटलं की माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो. मी आठवायला लागले. काल बंद करताना चुकून काही दाबलं गेलं का? कुठल्या प्रश्नाला न वाचता हो म्हणाले का? आपण काही केलेलं नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी स्वतःचीच झडती घेत होते. अपमानाची सुरुवात इथूनच होते. दुसऱ्यानं पर्स उपडी करायच्या आधी आपणच आपल्याला उपडं करून बघतो.

त्यात भर म्हणजे, दोन दिवसांपूर्वी मी समोरच्या रांगेतल्या दुसऱ्या केंद्रात विचारायला गेले होते. तिथं बिलं करायला माणूस हवं होतं. काही लपून गेले नव्हते. पण मालकांनी लगेच धागा जुळवला. हिनं कणीस पेनड्राईव्हमध्ये भरलं आणि समोरच्याला नेऊन दिलं. सगळी गिऱ्हाइकं आता त्याच्या हातात.

म्हणून पर्स. म्हणून झडती.

भैय्यानं पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावला. त्यात माझ्या भावाच्या लग्नाचे फोटो होते. आणखी काही नव्हतं. मी तसं सांगितलं. तरी त्यानं एकेक फोटो उघडला. काउंटरवर टेकून माणसं बघायला लागली. माझी आई हलगीच्या पुढं नाचतेय, पदर खोचलाय, तोंड घामानं भिजलंय. आई आयुष्यात तेवढं एकदाच तसं नाचली होती. भैय्या म्हणाला, "आयला, म्हातारी भारी नाचायलीय की." दुकान हसलं. मला वाटलं लॅपटॉप उचलून आपटावा. मी पॅड उचललं, कागदात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. तेवढंच हातात होतं.

"आता पटलं?" मी विचारलं.

"कसं पटंल? दिलं आसशील देऊन आन् टाकलं आसशील पुसून." मालक भैय्याला म्हणाले, "परभणीवाल्याला फोन लाव."

परभणीवाला म्हणजे ज्यानं तो प्रोग्रॅम दुकानाला विकला तो माणूस. त्याचा फोन लागला, पण त्यानं उचलला नाही. भैय्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच. गिऱ्हाइकं खोळंबली होती. मृगाचे दिवस, ज्याला त्याला बियाण्याची घाई. एकजण म्हणाला, "मालक, कागदावर द्या की बिल." मालक म्हणाले, "थांबा हो, इथं घर लुटलं गेलंय."

मग निळं दार उघडलं. मालकीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "कशाला एवढी कटकट? बेल-भंडारा उचलू द्या तिला. खरं-खोटं देव करील."

आमच्या भागात हे अजून चालतं. एखादी वस्तू हरवली, संशय आला की खंडोबाचं नाव घेऊन ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा ठेवतात. ज्याच्यावर संशय त्यानं तो ओंजळीत उचलायचा आणि म्हणायचं, मी घेतलं असेल तर माझं वाटोळं होवो. मग लोक बघत बसतात. वाटोळं होतंय का, ते.

मी चौथीत होते तेव्हा माझ्या बापानं उचलला होता. बा सालगडी होता एका घरी. पोळ्याच्या तोंडावर त्या घरच्या बैलाची घुंगरमाळ सापडेना. पितळी, जुनी. गड्यांमध्ये आमच्या वस्तीतला एकटा बा. त्यालाच उचलायला सांगितलं. बानं उचलला. मन साफ होतं, भ्यायचं काय? पण पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही. पुढं माझ्या धाकट्या भावाला ताप आला. साधा ताप, पावसाळ्यातला. गावात बोभाटा झाला, भंडारा लागला म्हणून. आई त्याला उघड दवाखान्यात नेईना. कुणी बघितलं तर चोरी शाबीत होईल. मागच्या वाटेनं, पदराखाली झाकून नेलं त्याला. पुढं शेरडू मेलं, तेही भंडाऱ्यानं. बाच्या पायात काटा मोडून पू झाला, तोही भंडाऱ्यानं. वर्षभर आमच्या घरात कुणाला शिंकायची चोरी होती. आणि घुंगरमाळ? ती त्या घराच्याच माळवदावर, जुन्या खोगिराखाली सापडली. आम्हाला ते लय उशिरा कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. त्या घरानं सांगितलं नाही. कशाला सांगतील?

म्हणजे उचलला नाही तर चोर. उचलला तर वाट बघा, कधी ना कधी चोर. त्या ताटात सुटका नावाची वस्तूच नसते.

मालकीणबाईंनी ताट आणलं. निळ्या दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ये. आत ये. देवासमोर उचल."

आत ये.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बिलं काढताना नाही, त्यांच्या सुनेला मोबाईलवर पैसे पाठवायला शिकवलं तेव्हा नाही, चहाला तर नाहीच. चोर म्हणून मला त्या घरात प्रवेश मिळत होता. दारातून मला आतली फरशी दिसली, देव्हारा दिसला, समई दिसली. मी उंबऱ्याच्या अलीकडंच थांबले.

"मी उचलणार न्हाई," मी म्हणाले.

"म्हंजे चोरलंयस."

"म्हंजे उचलणार न्हाई."

मालकांनी एका हमालाला बाजारात पिटाळलं. बा तेव्हा बाजारात पोती उतरवायचं काम करायचा. तो तसाच आला. डोक्याला टॉवेल, अंगभर भुसा. त्याला कुणी काय सांगितलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. दुकानाच्या पायरीखाली थांबून त्यानं मालकांना हात जोडले. आधी हात जोडले आणि मग विचारलं, "काय झालं, मालक?"

"तुझ्या पोरीनं लॅपटॉपातलं कणीस न्हेलंय. भंडारा उचल म्हणलं तर उचलंना."

बाला लॅपटॉपातलं कणीस म्हणजे काय हे कळायचं कारण नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. त्याला भंडारा एवढंच कळलं. तो मला म्हणाला, "उचल, बाई. आपलं मन साफ हाय ना? दोन मिन्टाचं काम हाय."

"मन साफ हाय म्हणूनच उचलत न्हाई, बा."

"शिकलीस म्हणून देवावर उठलीस का?"

"देवावर न्हाई."

तो पायरी चढला. टॉवेल काढून खांद्यावर टाकला, हात धोतराला पुसले आणि मालकीणबाईंना म्हणाला, "द्या बाई. तिच्या वतीनं मी उचलतो."

ते ऐकून मला जे झालं ते लिहिता येत नाही. पर्स उपडी झाली तेव्हा मी रडले नाही. आईच्या फोटोवर लोक हसले तेव्हा रडले नाही. बाचे ते हात ताटाकडं जाताना बघून मात्र राहवलं नाही. माझ्यासाठी म्हणून तो पुन्हा ते घरी आणणार होता. पुन्हा सगळ्यांनी तापाला भ्यायचं. आता भावाच्या बायकोला दिवस गेले होते, तिच्या पोटाकडं गावानं बघत बसायचं.

मी बाचं मनगट धरलं. घट्ट धरलं. बापाचा हात मी असा कधीच धरला नव्हता.

"बा, हात माघारी घे."

"सोड."

"घे माघारी."

आणि मग मालकांकडं बघून म्हणाले, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चोरी झाली म्हणता ना? ठाण्यात चला. मी येते. लिहून द्या, की लॅपटॉपवरचं कणीस चोरीला गेलं. कुणी न्हेलं, कसं न्हेलं, कुठं ठिवलं. माझं नाव घाला. खाली तुमची सही करा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकांचा चेहरा काळानिळा झाला. "जिभंला लय धार आलीय," ते म्हणाले. ठाण्यात चला असं मात्र म्हणाले नाहीत.

तेवढ्यात भैय्याचा फोन वाजला. परभणीवाला. भैय्यानं आवाज मोठा केला आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस बहुतेक जेवत होता. तोंडात घास ठेवून त्यानं प्रोग्रॅमचं नाव सांगितलं, ते कोपऱ्यातल्या शोधायच्या जागी टाका म्हणाला. भैय्यानं टाकलं. लगेच कणीस वर आलं. पिवळं, ठणठणीत. आत सगळी बिलं, सगळा माल, सगळी नावं जागच्या जागी.

"आता त्याच्यावर उजवं क्लिक करा. टास्कबारला पिन करा म्हणून येईल, ते दाबा. झालं? कुणीतरी पट्टीवरून काढलं होतं नुसतं. प्रोग्रॅम कुठं जात नसतो हो."

फोन बंद झाला. भैय्यानं डोकं खाजवलं. "काल सांच्याला म्याच खालची गर्दी जरा साफ केली व्हती. मॅच बघायची व्हती, लॅपटॉप लय हळू चालायला व्हता. त्याच्यात गेलं वाटतं." आणि तो हसला. मालक हसले. दुकान हसलं. सगळ्यांना कसं हलकं वाटलं. घरच्या पोरानं केलेला घोळ तो. घोळाला कुणी चोरी म्हणत नाही. त्याच्यासाठी ताट लागत नाही.

मालक मला म्हणाले, "सापडलं बाई. बस आता. लाव बिलं, लोक थांबलेत."

एवढंच. चुकलं नाही, वाईट वाटलं नाही, काही नाही. माझी पर्स अजून काउंटरवर उघडी होती. पडद्यावर मागं आईचा फोटो तसाच होता.

मी बसले नाही. पर्स भरायला लागले. तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग वगैरे काही नव्हता, भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाल्या, "आता काढलाच हाय तर उचलून टाक बाई. बाहेर काढलेला भंडारा तसाच आत न्हेत न्हाईत. घरादाराला बरं नसतं."

त्यांच्या घरादाराला बरं नसतं.

मी त्यांच्या हातातून ताट घेतलं. त्यांना वाटलं, पोरगी आली वाटेवर. बालाही वाटलं असावं. मी ते ताट मालकांसमोर काउंटरवर ठेवलं, जिथं माझा डबा पडला होता तिथंच.

"तुमी उचला, मालक. ही पोरगी चोर न्हाई, आमी खोटं बोललो, आसं म्हणून उचला. इतकी माणसं हायत, ऐकतील."

मालकांनी ताटाकडं बघितलं. हात काउंटरखाली घेतले. खरंच घेतले, मी बघितलं. भीती त्यांनाही होती. त्यांचाही देव तोच होता. फक्त त्याच्यासमोर उभं राहायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"डोकं फिरलंय तुझं," ते म्हणाले. "चल नीघ."

आणि माझा बा म्हणाला, "लेकरू हाय, मालक. चुकलं तिचं. पोटात घाला."

चुकलं तिचं. त्या दिवशी दुकानात चूक कबूल करणारा एकटा माझा बा होता.

आम्ही घराकडं निघालो. तो पुढं, मी मागं. ओढ्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता ह्या बाजारात मला पोतं कोण उचलू देईल?" त्याचं खरं होतं. पुढचे कितीतरी बाजार त्याला काम मिळालं नाही. समोरच्या केंद्रवाल्यानंही मला घेतलं नाही. "तू चोर न्हाईस हे मला ठावं हाय," तो म्हणाला, "पण भंडारा उचलला आसतास तर बरं झालं आसतं. गिऱ्हाईक विचारतं." आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. वहिनीला मुलगी झाली, धडधाकट, तरी आई बारसं होईपर्यंत धास्तावलेली होती. न उचललेला भंडाराही लागतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी जिंकले वगैरे कुणी समजू नये. आमच्या घरात त्या दिवसाला अजून 'तुझं ते' म्हणतात.

आता मी परभणीला जाऊन-येऊन करते. एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला आहे. तिथंही पट्टीवरची चित्रं अधूनमधून जातात. कुणाचा आवाजाचा भोंगा जातो, कुणाचं इंटरनेट जातं. मालक ओरडतो, शिव्यासुद्धा देतो. पण यंत्रावर ओरडतो.

मी लय विचार केला ह्या सगळ्याचा. आरोप करायला त्यांना काय लागतं? काही नाही. नुसतं तोंड. आणि आम्ही निर्दोष ठरायला काय काय लागतं! देव लागतो, बाप लागतो, भरला बाजार लागतो, पुढच्या वर्षभरातलं प्रत्येकाचं आजारपण लागतं. हा हिशोब मला मान्य नाही. मी काय केलं नाही, ते मी सांगत फिरणार नाही. मी काय केलं, ते ज्याला म्हणायचंय त्यानं सिद्ध करावं.

गेल्या रब्बीत एका बागायतदाराच्या शेतातून तुषार संचाचे पितळी नोजल गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गडी आमच्या दारात आला. बा त्या शेतात महिन्याभरापूर्वी चार दिवस कामाला होता, एवढंच निमित्त. गडी म्हणाला, "बोलवलंय. ताट मांडलंय."

मी दारात उभी राहिले, चौकटीला दोन्ही हात लावून. "येणार न्हाई म्हणून सांग. आज न्हाई, उद्या न्हाई, आमच्या घरातलं कुणीच न्हाई. नाव घालून तक्रार द्या म्हणावं. खोटी निघाली तर आमीबी देऊ, त्यांचं नाव घालून."

गडी गेला. मी वळले. बा माझ्या मागं उभा होता. टॉवेल बांधलेला. पायात चपला घातलेल्या.

"बा," मी म्हणाले, "चपला काढ."

तो तसाच उभा राहिला. मीही दारातून हलले नाही.